मदत हवी आहे : ऑन्टारिओत थेराप्युटिक रिक्रिएशनची पदवी आणि पुढची नोकरी

नमस्कार. आम्ही कॅनडात, ऑन्टारिओ प्रांतातील मिसिसागा येथे राहतो. आमची मुलगी बारावीत असून तिला विद्यापीठात थेराप्युटिक रिक्रिएशन शिकायचे आहे. आजारी, अपंग किंवा वृद्ध माणसांसाठी खेळ, संगीत, बागकाम, हस्तकला अशा गोष्टींची प्रत्येकाच्या प्रकृतीनुसार आखणी करणे आणि त्यांचा उपयोग होतो की नाही हे तपासत राहणे, असे त्या कामाचे स्वरूप आहे. आमच्या नात्यागोत्यात या क्षेत्रातले कोणीच नाही, म्हणून हा धागा काढत आहे.

येथे शाळा पूर्ण करण्यासाठी 40 तासांचे समाजकार्य सक्तीचे असते. मुलीने ते एका वृद्धाश्रमात केले आणि तास भरल्यानंतरही ती तेथे जात राहिली. तेथे स्मृतिभ्रंश झालेल्या एक गुजराती आजी आहेत. त्यांचे इंग्रजी पूर्ण गेले आहे, आणि बिंगोचे कार्ड समोर ठेवले की त्या ते बाजूला सारत. तेथील रिक्रिएशन थेरपिस्टने त्यांच्या मुलाकडून घरच्या सवयी विचारून घेतल्या आणि एक दिवस त्यांच्यासमोर परातीत मटाराच्या शेंगा ठेवल्या. आजींनी अंगठ्याने शेंग दाबून उघडली, दाणे एका बाजूला केले, साले दुसऱ्या बाजूला, आणि शेजारच्या बाईंच्या पुढ्यात मूठभर शेंगा सरकवल्या. त्या बाईंनी काय केले, आजी किती वेळ बसल्या, कधी अस्वस्थ झाल्या, हे सगळे थेरपिस्टने नंतर लिहून ठेवले आणि पुढच्या आठवड्याची आखणी त्यावरून केली. मुलीला हेच शिकायचे आहे, आणि मला तिचे पटते. वेळ घालवण्याचे साधन म्हणून या कामाकडे पाहणाऱ्यांनी अशी एक दुपार तेथे बसून पाहावी, असे मला मनापासून वाटते.

तिच्या बाबांचे मत वेगळे आहे आणि तेही सोडून देण्यासारखे नाही. फिजिओथेरपी किंवा ऑक्युपेशनल थेरपी यांना येथे कायद्याने नियंत्रित व्यवसायाचा दर्जा आहे. रिक्रिएशन थेरपीला ऑन्टारिओत तो नाही, असे ते म्हणतात. पण त्या दोन्हींसाठी आधी पदवी आणि मग मास्टर्स करावे लागते, तर रिक्रिएशन थेरपीत पदवीनंतर लगेच काम सुरू करता येते. शिवाय ऑन्टारिओच्या कायद्यानुसार प्रत्येक दीर्घकालीन शुश्रूषागृहात रहिवाशांसाठी मनोरंजनाचा व सामाजिक उपक्रमांचा नियोजित कार्यक्रम असलाच पाहिजे, त्यामुळे हे पद व्यवस्थापनाच्या मर्जीवर चालणारे नाही, हा माझा मुद्दा आहे.

आमच्यासमोर मुख्यतः वॉटर्लू आणि ब्रॉक ही दोन विद्यापीठे आहेत. वॉटर्लूचा रिक्रिएशन अँड लीझर स्टडीज विभाग 1968 पासूनचा आहे आणि तेथे को-ऑपची सोय आहे, म्हणजे शिकता शिकता चार-चार महिन्यांच्या पगारी नोकऱ्या करता येतात. ब्रॉक सेंट कॅथरिन्सला आहे. तिसरा मार्ग हॅमिल्टनच्या मोहॉक कॉलेजमधील डिप्लोमाचा; तो कमी खर्चाचा आहे, पण अमेरिकेतील एनसीटीआरसी या संस्थेचे सीटीआरएस, म्हणजे रिक्रिएशन थेरपिस्टचे व्यावसायिक प्रमाणपत्र, मिळवायचे तर किमान बॅचलर पदवी लागते, म्हणून तो आम्ही जवळजवळ बाजूला ठेवला आहे. या प्रमाणपत्रासाठी सलग 14 आठवडे मिळून किमान 560 तासांची इंटर्नशिप सीटीआरएसधारक व्यक्तीच्या देखरेखीखाली करावी लागते आणि त्यानंतर परीक्षा असते.

माझी खरी अडचण या इंटर्नशिपपाशी आहे. असे मार्गदर्शक विद्यापीठ मिळवून देते, की विद्यार्थ्यानेच दारोदार फिरून शोधायचे? को-ऑपमधले काम त्यात धरले जाते का, की को-ऑप करूनही इंटर्नशिप वेगळी आणि बिनपगारी करावी लागते? तसे असेल तर एवढे दिवस राहण्याचा खर्च आम्हाला आधीच धरून ठेवावा लागेल. ज्यांची मुले या वाटेने गेली आहेत त्यांनी, पहिली नोकरी पूर्ण वेळेची मिळाली की दोन-तीन ठिकाणी अर्धवेळ काम करत सुरुवात करावी लागली, हेही कृपया सांगावे. पगाराचे आकडे संकेतस्थळांवर दिसतात, पण त्यात अर्धवेळ नोकऱ्या किती, हे कळत नाही.

या उन्हाळ्यात तिने काय करावे, यावरही सल्ला हवा आहे. नगरपालिकेच्या समर कॅम्पमध्ये काम मिळण्याची शक्यता आहे, आणि त्यासाठी हाय फाइव्हचे (मुलांचे खेळ व उपक्रम चांगल्या दर्जाचे कसे घ्यावेत याचे) प्रशिक्षण घेण्याची तिची तयारी आहे. मात्र लहान मुलांसोबतचा अनुभव पुढे रुग्णालयातील नोकरीसाठी धरला जातो की वृद्धाश्रमातच राहणे जास्त उपयोगाचे, याविषयी आमच्या घरात एकमत होत नाही.

विद्यापीठांचे अर्ज जानेवारीच्या मध्यापर्यंत भरायचे आहेत. ब्रॅम्प्टन, मिसिसागा किंवा हॅमिल्टन परिसरात कोणी या क्षेत्रात काम करत असल्यास आणि मुलीशी अर्धा तास फोनवर बोलू शकत असल्यास कृपया येथे कळवावे. तिने तिचे प्रश्न स्वतः लिहून तयार ठेवले आहेत.