ताईंची जुनी भावगीतं जॅझमध्ये : दुसऱ्या कार्यक्रमाआधी मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

बऱ्याच दिवसांनी इथे लिहिते आहे. धागा लांबणार आहे, पण मागचं पुढचं न सांगता विचारलं तर उत्तरं भलतीकडे जातील.

माझ्या गाण्याच्या ताई आता ७२ वर्षांच्या आहेत. नाव मुद्दाम लिहीत नाही, त्यांना ते आवडणार नाही. ऐंशी-नव्वदच्या दशकात पुण्यात गणेशोत्सवात, कोजागिरीला ज्यांनी भावगीतांचे कार्यक्रम ऐकले, त्यांतल्या काहींच्या घरी त्यांची कॅसेट अजून असेल. मी त्यांच्याकडे १९ वर्षं शिकते आहे. तानपुऱ्याला मी बसते आणि निवेदनही माझ्याकडेच असतं.

गेल्या वर्षी त्यांचा भाचा पियानो शिकून परत आला आणि दर रविवारी दोन मित्रांना घेऊन घरी यायला लागला. एक डबल बासवाला, एक ड्रमवाला. आधी ती मुलं वाजवायची आणि ताई पोहे द्यायच्या. मग एका रविवारी ताई मध्येच गायला लागल्या. मी आत चहा गाळत होते. त्यांचं पावसाचं गाणं मी शेकडो वेळा ऐकलं आहे, तरी दुसरी ओळ येईपर्यंत मला ते ओळखू आलं नाही, आणि ओळखू आल्यावर गाळणं हातात तसंच राहिलं.

त्यांनी हे का केलं, ते महत्त्वाचं आहे. ताई पूर्वी काळी पाचला गायच्या (पेटीच्या ज्या पट्टीला षड्ज धरायचा ती पट्टी). आता काळी तीनला गातात, म्हणजे चार अर्धस्वर खाली, आणि तिथेही तारसप्तकात फार वर जाता येत नाही. जुन्याच चालीत, पेटी-तबल्यावर, खालच्या पट्टीत गाऊन पाहिलं होतं. गाणं मरगळल्यासारखं वाटायचं, कारण त्या चालींचा सगळा जीव वरच्या सुरांत होता. भाच्याने तो वरचा सूर त्यांना घ्यायलाच लावला नाही. ताई तिथे मध्य सप्तकातल्या गंधारावर थांबतात आणि वरचा सूर पियानोच्या कॉर्डमधून, म्हणजे एकत्र वाजवलेल्या सुरांतून, ऐकू येतो. त्यांचं एक गाणं यमनमधलं आहे. यमनचे सूर ह्या मुलांना लिडियन ह्या पाश्चात्त्य स्वरमालिकेमुळे आधीपासून ओळखीचे, त्यामुळे ते सर्वांत लवकर बसलं. पियानोवर मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर सलग घसरत जाणं) निघत नाही हे खरंच, पण मींड ताईंच्या गळ्यात आहे ना! भोवतीच्या वाद्यांची गर्दी कमी झाल्यावर ती मला पहिल्यांदा इतकी स्पष्ट ऐकू आली.

सहा महिने तालीम करून आठ गाणी बसवली आणि एरंडवण्यातल्या एका छोट्या सभागृहात पहिला कार्यक्रम केला. दीडशे खुर्च्या, सगळ्या भरलेल्या. पत्रिकेवर फक्त 'ताईंची गाणी, नव्या रूपात' एवढंच होतं. ही चूक माझी.

तिसऱ्या गाण्यापासून सभागृहात चुळबूळ सुरू झाली. लोक सवयीने समेवर टाळी देत होते आणि ड्रमवाल्याचा ठोका दुसऱ्या-चौथ्या मात्रेवर. दोन ओळींतच टाळी विस्कटली आणि मग कुणी टाळी दिलीच नाही. बासचा आवाज इतका वर होता की शब्द बुडत होते.

पहिल्या रांगेत तबलेवाले काका बसले होते. ताईंबरोबर त्यांनी ३१ वर्षं साथ केली आहे. पावसाचं गाणं सुरू झालं तेव्हा त्यांची बोटं मांडीवर आपोआप दादरा (तीन-तीनचा सहा मात्रांचा ताल) वाजवायला लागली. ड्रमवालाही तीनच्या चालीत होता, त्यामुळे पहिला अंतरा दोघं बरोबर गेले. मग ड्रमवाल्याने ओळ लांबवली, काकांची बोटं थांबली, आणि त्यांनी हात खिशात घातला. हे ताईंनी स्टेजवरून पाहिलं. त्या रात्री त्या फक्त त्याबद्दल बोलल्या.

मध्यंतरात वीस-पंचवीस जण निघून गेले. एक सत्तरीचे गृहस्थ विंगेत आले आणि म्हणाले, "ताई, तुम्ही छानच गाता हो. पण माझं गाणं कुठे गेलं?" त्यांच्या पत्नीला ते गाणं आवडायचं, त्या आता नाहीत. ताई हात जोडून उभ्या राहिल्या, काही बोलल्या नाहीत.

नंतर व्हॉट्सअॅपवर दोन्ही तऱ्हेचं आलं. "हॉटेलातलं पार्श्वसंगीत झालं" असं एकीने लिहिलं. "चाळीस वर्षं ऐकतोय, पण शेवटच्या कडव्याचा अर्थ आज लागला" असं दुसऱ्याने. वाईट काही कुणी लिहिलेलं नाही. रागावलेले सगळे त्यांच्यावर जीव लावणारेच आहेत, म्हणून तर ते इतकं लागलं.

दुसरा कार्यक्रम चार आठवड्यांवर आला आहे आणि ताई तो रद्द करायचं म्हणतात. "लोकांच्या आठवणींना हात लावायचा मला काय अधिकार?" हे त्यांचं वाक्य. मी त्यांना गीतरामायणाचं उदाहरण दिलं. १ एप्रिल १९५५ ला पुणे आकाशवाणीवरून ते सुरू झालं, वर्षभरात ५६ गीतं झाली आणि ती वेगवेगळ्या गायक-गायिकांनी गायली. पुढे बाबूजी, म्हणजे त्यांचे संगीतकार सुधीर फडके, एकटेच रंगमंचावरून सगळी गायला लागले आणि लोकांनी तेही आपलं मानलं. भाच्याने त्यांना कॅनडाची गायिका जोनी मिचेल ऐकवली. 'बोथ साइड्स नाऊ' हे तिचं गाणं १९६९ च्या रेकॉर्डवर आहे, तेव्हा ती पंचविशीत होती. तेच तिने २००० साली पुन्हा केलं, विन्स मेंडोझाच्या वाद्यवृंद-संयोजनात. आवाज पार खाली गेलेला, खरखरीत, लय संथ. ताईंनी दोन्ही लागोपाठ ऐकली, पुन्हा दुसरं लावायला सांगितलं आणि म्हणाल्या, "हिला आता कळलंय ती काय म्हणतेय ते." तरीही रद्द करण्यावर ठाम आहेत.

मला विचारायचं आहे ते असं. निवेदनात आवाज खाली आल्याचं सांगावं का? ताई नको म्हणतात, पण ते न सांगता हा बदल कसा समजावायचा? पत्रिकेवर 'जॅझ' लिहावं की त्याने आमचे जुने श्रोते फिरकणारच नाहीत? गाण्यांचा क्रम कसा लावावा? आणि काकांचं काय करू? त्यांना बोलवायला जायची माझी हिंमत होत नाहीये. छोट्या सभागृहात डबल बास ज्यांनी सांभाळला आहे त्यांनी साउंडबद्दलही सांगा.

खर्ज (प्रतिसाद)

मी पेटी वाजवतो, तेवढ्या अनुभवावर सांगतो. लोक पट्टीला आणि साथीला एकाच वेळी बिचकले. दोन धक्के वेगळे करा. पहिली दोन गाणी पेटी-तबल्यावर जुन्या चालीतच घ्या, पण काळी तीनला. निस्तेज वाटली तरी चालतील, दोनच आहेत. तेवढ्यात कान खाली उतरतात. तिसऱ्या गाण्याचा मुखडा ताईंनी नुसत्या तानपुऱ्यावर म्हणावा, पुरा, जुन्या चालीत. एकदा गाणं ओळखलं की श्रोता पुढे बराच लांब येतो. तुमच्या कार्यक्रमात त्याला ओळखायलाच वेळ मिळाला नाही.

साउंडवाल्याला शेवटच्या तालमीला बोलवाच. ताईंच्या माइकवरून शंभर हर्ट्झच्या खालचं सगळं काढून टाकायला सांगा, त्यात बासची गुरगुर शिरते. बासवाल्याचा अॅम्प जमिनीवर ठेवू नका, स्टुलावर ठेवा. आणि सभागृह रिकामं असताना लावलेला आवाज भरल्यावर चालत नाही, पहिल्या गाण्यात कुणीतरी मागच्या रांगेत उभं राहा.

एरंडवणेकर

मध्यंतरात गेलेल्यांपैकी मी एक. लिहू की नको असं दोन दिवस चाललं होतं.

गीतरामायणाचं उदाहरण मला पटत नाही. तिथे गळा बदलला, चाल तीच राहिली. इथे गळा तोच आणि बाकी सगळं बदललं. पावसाच्या गाण्यात दोन कडव्यांच्या मध्ये पेटीचा जो तुकडा होता, तो मला शब्दांइतकाच पाठ आहे. मी त्याची वाट पाहत बसलो आणि तो आलाच नाही. तिथून पुढे मी ऐकत नव्हतो, फक्त काय गेलं ते मोजत होतो. घरी येऊन कॅसेट शोधली, प्लेअर बंद पडलेला.

आवाजाचं मात्र जरूर सांगा. आम्ही त्यांच्याच वयाचे आहोत, त्यात लपवण्यासारखं काय आहे? मला वाटलं होतं की कुणीतरी तरुण मुलांनी ताईंना फॅशन म्हणून उभं केलंय. वरचा सूर आता लागत नाही म्हणून त्यांनी स्वतः ही वाट काढली हे आज इथे वाचलं. तेव्हा माहीत असतं तर मी उठलो नसतो. कार्यक्रम रद्द करू नका. मी येणार आहे.

गवतीचहा

पत्रिकेवर 'जॅझ' लिहा, सरळ लिहा. त्या शब्दाला बिचकायचं कारण नाही. संगीतकार सी. रामचंद्र आपले पुणतांब्याचे. त्यांच्या १९५१ च्या 'अलबेला'तल्या गाण्यांत जॅझवाले चिक चॉकलेट ट्रम्पेट वाजवत होते, आणि त्या गाण्यांवर आपले आईवडील नाचले आहेत. मात्र 'नव्या रूपात' काढून टाका. त्याने जुनं रूप जुनाट ठरतं, आणि तेच लोकांना लागलं असेल.

धागालेखिका

सगळ्यांचे मनापासून आभार. एरंडवणेकर, तुमचा प्रतिसाद मी ताईंना वाचून दाखवला. पेटीच्या तुकड्याचं ऐकून त्यांनी भाच्याला तिथल्या तिथे फोन लावला. तो तुकडा पावसाच्या गाण्यात परत आला आहे. पेटीवर नाही, बासवाला तो गजाने वाजवतो, अगदी हळू. तुम्हाला कसा वाटेल माहीत नाही, पण तो तिथे असेल.

काल नारायण पेठेत काकांकडे जाऊन आले. वाटलं होतं रागावतील. त्यांनी फक्त विचारलं, "तो मुलगा काड्यांऐवजी कुंचल्यासारखं काय वापरतो?" ब्रश म्हणतात हे सांगितलं. आज ते तालमीला आले, ब्रश हातात घेऊन तारा बोटांवर फिरवून पाहिल्या, आणि मग तबला न काढता नुसता डग्गा घेऊन बसले. पावसाच्या गाण्यात पहिल्या अंतऱ्याला ड्रमवाला थांबतो आणि फक्त डग्गा नि बास राहतात. ओळ लांबवण्याच्या जागी आज तीनदा चुकलं. काका म्हणाले, पुन्हा घ्या.

ताईंनी रद्द करण्याचं आज तरी काढलं नाही. पत्रिकेवर 'जॅझ' येणार, 'नव्या रूपात' जाणार. क्रम खर्ज म्हणाले तसाच, पहिली दोन पेटी-तबल्यावर.

आवाजाबद्दल त्या अजून नाही म्हणतात, पण एक वाक्य बोलायला तयार झाल्या आहेत, तेही स्वतःच्या तोंडून: "ही गाणी मी काळी पाचला गायचे, आता काळी तीनला गाते, आणि इथून ती मला अशी दिसतात." 'दिसतात' की 'ऐकू येतात', ह्यावर आमचं अडलं आहे. मला 'दिसतात' बरं वाटतं, भाच्याला दुसरं. पत्रिका गुरुवारी छापायला जाते आणि त्याच दिवशी मी निवेदन पक्कं करणार आहे, तोवर तुमचं मत कळवा.