व्हॅन गॉगचा बोरू

आजोबांचा बोरू सापडला. शाईत बुडवून ओढला, तर वीतभर रेघेतच कोरडा! चित्रकार व्हॅन गॉग अशाच बोरूने अख्खी शेतं कशी काढायचा?

↳ दादा, म्हणून तर त्याच्या रेघा आखूड. ठिपके, तुटक फटकारे, की पुन्हा दौत. शाई संपत आली की रेघ फिकी, खरबरीत होते. मला तीच सगळ्यात आवडते.

↳ १८८१ मध्ये हॉलंडमधल्या एटेन गावी असतानाच तो बोरू वापरायचा, रेघ रुंद येते म्हणून. १८८८ मध्ये फ्रान्समधल्या आर्लहून भावाला, थिओला, त्याने कळवलं, हॉलंडमध्ये इथल्यासारखे चांगले बोरू नव्हते. आर्लला तो बोरू हंसाच्या पिसाच्या लेखणीसारखा तासायचा. तुमचा तासलाय का?

↳ आत्ताच तासला, चीरही दिली. गवताचं पातं उमटलं हो!