रूट कॅनल होऊन दीड वर्ष झालं, तरी आईची दाढ ठणकतेय. आता जबडाही वाजतोय

खानापूरची लेक
आई ५८ वर्षांची. वरची उजवीकडची पहिली मोठी दाढ. बेळगावात एका खाजगी दवाखान्यात रूट कॅनल करून कॅप बसवली. तीन महिने बरी होती, मग भाकरी चावली की कळ थेट कानात. कॅप बसल्यापासून "त्याच बाजूला दात आधी टेकतो" असं ती सांगायची, आम्हीच लक्ष दिलं नाही. आता सकाळी तोंड पुरतं उघडत नाही, जांभई दिली की कानाजवळ कट्ट वाजतं. दोन महिने आंबील आणि मऊ भातावर आहे. एक डॉक्टर म्हणतात दाढ काढा. दुसरे म्हणतात जबडा सरकलाय, सगळ्या दाढा घासून जुळवू. आधी काय करायचं?

निपाणीकर
ताई, दाढ काढायची घाई करू नका. वरच्या या दाढेला मुळं तीन, पण गालाकडच्या पुढच्या मुळात बहुतेक वेळा दोन नळ्या असतात. दुसरी फार बारीक. माझ्या रूट कॅनलमध्ये तीच साफ करायची राहून गेली होती आणि साध्या एक्स-रेत दिसलीच नाही. बेळगावात नेहरूनगरला केएलईच्या दंत महाविद्यालयात गेलो. सीबीसीटी स्कॅनमध्ये, म्हणजे दाताच्या थ्रीडी एक्स-रेत, सापडली. जुनं भरण काढून, नळ्या धुऊन, औषध ठेवून परत भरलं. निपाणीहून चार फेऱ्या झाल्या, पण दाढ वाचली.

दंतवैद्य, चिकोडी
सगळ्या दाढा घासू देऊ नका. घासलेलं एनॅमल, म्हणजे दातावरचं कठीण कवच, परत येत नाही. रंगाचा कागद चाववून कॅप उंच आहे का ते बघतात, असेल तर तेवढीच कॅप घासायची. जबड्याला गरम शेक, मऊ जेवण, गरज पडली तर रात्री दातांवर घालायचा स्प्लिंट, म्हणजे प्लास्टिकचं कवच. नुसता आवाज असेल, दुखत नसेल, तर त्याला उपचार लागत नाही. मूळ उभं चिरलं असेल तर मात्र बहुतेक वेळा दाढ काढावी लागते, म्हणून स्कॅन आधी. गाल सुजला, ताप आला किंवा गिळता येईना, तर त्याच दिवशी दवाखान्यात न्या.

खानापूरची लेक
दादा, डॉक्टर, दोघांचे आभार. जुने एक्स-रे मागून आणलेत, सोमवारी पहिल्या बसनं निघतो. आई विचारते, कॅप तोडतील का?

दंतवैद्य, चिकोडी
कधी कॅपला भोक पाडून आत जाता येतं, कधी काढावी लागते. काढली तर नवीन बसवताना चाव नीट तपासून घ्या. "आधी टेकतंय" असं मावशींना वाटलं तर खुर्चीतून उठायच्या आधीच सांगू दे.