मदत हवी आहे: घोड्याच्या खुराचं चिलखत करताना खवले फुटतायत

नमस्कार मंडळी,

शाळेच्या इतिहास दालनासाठी सार्मेशियन स्वाराच्या चिलखताचा वीतभर नमुना करायला घेतलाय आणि गाडं भोकं पाडण्यापाशी अडलंय. शिंगाचं, चामड्याचं काम केलेल्यांनी किंवा घोडे सांभाळणाऱ्यांनी कृपया सांगा.

सार्मेशियन म्हणजे उरलच्या दक्षिणेपासून डॅन्यूबपर्यंतच्या गवताळ मुलखातले भटके घोडेस्वार. इराणी शाखेची भाषा बोलायचे. तिची जवळची नातलग असलेली ऑसेटियन भाषा कॉकेशसमध्ये आजही बोलतात. तिच्यात आठ म्हणजे 'अस्त'. हे सांगितल्यावर अख्खा वर्ग बोटांवर मोजायला लागला होता. इ.स. १७५ मध्ये रोमन सम्राट मार्कस ऑरेलियसने यांच्याच इयाझिगेस टोळीकडून तहात ८,००० स्वार घेतले आणि त्यातले ५,५०० थेट ब्रिटनला धाडले. इतका धाक असलेल्या स्वारांचं चिलखत मुलांनी हातात घेऊन बघावं, असं मला मनापासून वाटतं.

दुसऱ्या शतकातल्या पॉसेनियस या ग्रीक प्रवासवर्णनकाराने असं एक चिलखत अथेन्सला अॅस्क्लेपियस या आरोग्यदेवाच्या देवळात पाहिलं होतं. खूर साफ करून चिरायचे, खवले करायचे, भोकं पाडून घोड्याच्या नि बैलाच्या तातीने (स्नायूंच्या चिवट तंतूंच्या दोऱ्याने) शिवायचे. पाइनच्या हिरव्या फळासारखं दिसतं, म्हणतो. (आपल्याकडे खवलेमांजर डोळ्यांसमोर आणा.) या लोकांकडे लोखंड नव्हतं असंही तो लिहितो, ते मात्र चूक, त्यांच्या थडग्यांत लोखंडी तलवारी मिळाल्यात.

मी नालबंदाकडून खूर तासताना निघालेले चंद्रकोरीसारखे तुकडे आणले, सुकवले आणि त्यातून दोन इंच लांब खवले कापले. गिरमिट लावलं की टचकन दोन तुकडे. २० पैकी १७ गेले. काय चुकतंय?

प्रतिसाद १
आमच्या घरी घोडे होते, म्हणून सांगतो. खुराला लाकडासारखी रेष असते आणि ती वरून खाली, जमिनीकडे जाते. नालबंद कापतो तो खालचा काठ, म्हणजे रेषेला आडवा काप. त्या कोरीच्या लांबीने खवला कापलात की रेष त्याच्या रुंदीत येते, मग फुटणारच. त्या लोकांना पूर्ण खूर मिळत असणार. घोड्या देवाला बळी देतात नि खातातही, असं तुमच्या पॉसेनियसनेच लिहिलंय. तुमच्याकडे कोरीच आहेत, तर नखाएवढे खवले करा, पण रेष उभी ठेवून. आणि सुकवून भोक पाडू नका. गरम पाण्यात मऊ होऊ द्या, ओलं असतानाच मोच्याच्या आरीने टोचा, मग सपाट फळीखाली दाबून वाळवा.

प्रतिसाद २
खवले एकमेकांनाच शिवताय का? चौथ्या शतकातला रोमन इतिहासकार अम्मियानस सार्मेशियनांच्या चिलखताबद्दल लिहितो, की शिंगाचे घासून गुळगुळीत केलेले तुकडे लिननच्या कपड्यावर पिसांसारखे बसवलेले असत. खाली कापड घ्या, भोकांवरचा ताण कमी होईल. खालची ओळ आधी लावा, वरच्या ओळीने तिची भोकं झाका.

धागाकर्ती
दोघांचे खूप आभार. तुकडा उन्हात धरला तर केसासारख्या बारीक रेषा स्पष्ट दिसतात, इतके दिवस मी बघितल्याच नव्हत्या. रात्री १२ खवले टोचले, एकच फुटला. लिनन मिळालं नाही म्हणून मांजरपाटावर पहिली ओळ लावली आहे. वाळल्यावर कडा किंचित आत वळल्या, त्यामुळे खवले एकमेकांवर छान बसतात आणि कापड हलवलं की खुळखुळ वाजतात.

सध्या साधा मेणदोरा वापरलाय. खरी तात कुठे मिळेल? पिंजाऱ्याकडची चालेल की जाड पडेल?