कापडी डायपरने खरोखर पैसे वाचतात का?

निशिकांत

कापडी डायपरांमुळे पैसे वाचतात हे इतक्यांदा सांगितले जाते की ते तपासून पाहण्याची कोणाला गरजच वाटत नाही. आमच्या कपाटाचा एक खण कापडी डायपरांनी भरला आहे आणि बाळ वापरते ते मात्र एकदा वापरून टाकायचे. सुरुवातीची खरेदी, पाणी, वीज, साबण आणि धुणाऱ्याचा वेळ हे सगळे हिशेबात धरले, तर बचत उरत नाही. नव्या आईवडिलांना हा सल्ला देणे आता थांबवावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

मृदुला

निशिकांत, तुमचे शेवटचे वाक्य वाचून राहवले नाही, म्हणून सविस्तर लिहिते. खण भरून डायपर पडून राहिले, हा खरेदीचा दोष झाला, कापडाचा नव्हे. तान्ह्या बाळाचे डायपर दिवसातून 10 ते 12 वेळा बदलावे लागतात आणि पुढे ते प्रमाण निम्म्यावर येते. दिवसाला सरासरी 5 धरले, तरी अडीच वर्षांत 4,500 हून अधिक डायपर कचऱ्यात जातात आणि त्यांतल्या प्रत्येकासाठी आपण पैसे मोजलेले असतात. एक दिवसाआड धुणाऱ्या घराला 20 ते 24 कापडी डायपर पुरतात आणि नीट राखले, तर तेच पाठच्या भावंडालाही होतात.

ज्याला खरोखर बचत करायची आहे, त्याने चौकोनी सुती कापडे आणि वरून पाणी न झिरपणारी मोजकी कव्हरे घ्यावीत. एकपदरी कापड उलगडून वाळत घातले की लवकर सुकते, म्हणून संख्याही कमी लागते. शिवलेल्या जाड डायपरांचे थर मात्र वरून कोरडे वाटले तरी आतून दमट राहतात. नक्षी आवडली म्हणून घ्यायचे, नवा रंग आला म्हणून पुन्हा घ्यायचे आणि हिशेब बिघडल्यावर इतरांना सल्ला देऊ नका म्हणायचे, हे मला पटत नाही.

शलाका

मृदुलाताई, तुमच्या हिशेबात एक रकाना रिकामाच आहे. हे धुते कोण? शी झटकून काढणे, भिजवणे, धुणे, वाळत घालणे, घड्या करणे हे सगळे बहुतेक घरांत एकाच व्यक्तीच्या वाट्याला येते आणि बाळंतपणातून ती व्यक्ती अजून सावरलेली नसते. तिच्या वेळेची किंमत शून्य धरली, तर कोणतीही गोष्ट स्वस्तच ठरेल. शिवाय आमच्या पाळणाघराने कापडी डायपर घेणार नाही असे पहिल्याच दिवशी सांगितले, तेव्हा निम्मा दिवस विकतचे डायपर लागणारच होते.

हेमांगी

धुण्याचा विषय निघालाच आहे म्हणून सांगते. लोक कापडी डायपर सोडून देतात, त्यामागे बहुधा धुण्याच्या चुका असतात आणि त्यांतली सर्वांत मोठी म्हणजे कमी साबण. "चिमूटभर पावडर पुरते" हा सल्ला कोणी पसरवला, देव जाणे. कापडात राहिलेल्या लघवीतील युरियाचे जिवाणू अमोनियात रूपांतर करतात. रात्रभर वापरलेला डायपर सकाळी सोडताना डोळ्यांना झोंबते ते त्यामुळेच. पाणी जड असेल, तर साबणाची बरीच ताकद त्यातल्या क्षारांशी झगडण्यातच संपते, म्हणून तेथे तो जास्तच लागतो.

दुसरी चूक म्हणजे कपडे मऊ करणारे द्रव. त्याचा थर धाग्यांवर बसतो. अशा सुक्या कापडावर पाण्याचा थेंब टाकून पाहा. तो आत न मुरता वर गोळा होऊन थांबतो आणि कापड तिरके केले की घरंगळून जातो. असा डायपर गळणार नाही तर काय होईल? चिकट मलमांचेही तेच.

अनिकेत

हेमांगी, हा सल्ला धोकादायक आहे. आम्ही साबण वाढवला आणि बाळाच्या मांड्यांवर लालबुंद पुरळ उठले. साबण निम्म्यावर आणल्यावर ते गेले. ज्यांनी हे भोगलेले नाही, त्यांनी इतक्या ठामपणे बोलू नये.

हेमांगी

अनिकेत, मी भोगलेले नाही हे तुम्ही कशावरून ठरवले? पुरळ ओलाव्याने येते, घर्षणाने येते, शी फार वेळ अंगाला लागून राहिल्यानेही येते. कापडात साबण उरत असेल, तर खळबळून धुणे कमी पडते आहे. शेवटच्या पाण्यात फेस दिसतो का, एवढे तरी तुम्ही पाहिले होते का?

निशिकांत

म्हणजे साबण जास्त आणि पाणीही जास्त. माझा मुद्दा याहून वेगळा कोणता होता?

मृदुला

तुमचा मुद्दा बचत उरतच नाही असा होता आणि तो अजूनही चूक आहे. ब्रिटनच्या पर्यावरण संस्थेच्या 2008 च्या अहवालात अडीच वर्षांच्या वापराचा कार्बनभार (त्यापायी हवेत जाणारे, तापमान वाढवणारे वायू) टाकाऊ डायपरांसाठी सुमारे 550 किलो, तर कापडींसाठी सुमारे 570 किलो निघाला होता. म्हणजे कापड आपोआप जिंकत नाही, हे मीही मानते. परंतु यंत्र पूर्ण भरून धुतले, नेहमी बाहेर दोरीवर वाळवले आणि तेच डायपर दुसऱ्या बाळालाही वापरले, तर कापडींचा भार सुमारे 40 टक्क्यांनी घटतो, असेही त्यातच आहे. जी वीज तेथे वाचते, तिचेच बिल आपल्या घरी येते. शलाका, धुणाऱ्याच्या वेळेबद्दलचे तुमचे म्हणणे मात्र मला खोडता येत नाही; जेथे धुणे वाटून घेतले जात नाही, तेथे मी आग्रह धरणार नाही.

शलाका

एवढे मान्य केलेत, हे पुरेसे आहे. आणखी एक सांगते. ज्यांना बचतीची सर्वाधिक गरज असते, त्यांच्याकडे सुरुवातीची एकरकमी रक्कम नसते, म्हणून ते लहान पाकिटे घेतात आणि दर डायपरमागे जास्त पैसे मोजतात. तुमची चौकोनी कापडे त्यांना परवडतील. नक्षीदार संच नाहीत.

निशिकांत

चौकोनी कापडांपुरते मी नाइलाजाने मान्य करतो. आम्हाला तो पर्याय कोणी सांगितलाच नव्हता. रात्री मात्र आम्ही टाकाऊच वापरणार.

मृदुला

खुशाल वापरा. दिवसा कापडी वापरलेत, तरी बहुतेक बचत पदरात पडते.

अनिकेत

शेवटच्या पाण्यातला फेस मी पाहीन. परंतु बाळाची त्वचा पूर्ण बरी होईपर्यंत साबण वाढवणार नाही आणि त्यावर मला कोणाचा आग्रह नको.

हेमांगी

वाढवू नका. आधी एकदा जास्तीचे खळबळून पाहा आणि मग बोला.