शब्दचर्चा: ‘गोल लाइन पासिंग प्ले’ मराठीत कसं म्हणाल?

मूळ प्रश्न: अमेरिकन फुटबॉलवरचा लेख मराठीत लिहितोय. गोल लाइनच्या तोंडाशी पासिंग प्ले (चेंडू हातात घेऊन न पळता गड्याकडे फेकण्याच्या चाली) कसे डिझाइन करतात, हा विषय. पहिल्या खर्ड्यात ‘गोलरेषेजवळील पास-खेळींची रचना’ असं झालंय. घशाखाली उतरत नाही.

प्रतिसाद १: ‘खेळी’ काढाच, लगेच शतकी खेळी आठवते. कुस्तीतला ‘डाव’ घ्या. आणि डाव ‘आखतात’. प्रशिक्षक आखतो, गडी टाकतो, जमला तर साधतो. ‘रचला’ म्हटलं की कटाचा वास येतो.

प्रतिसाद २: पण डाव म्हणजे इनिंगसुद्धा. क्रिकेट सुटलं कुठे?

प्रतिसाद १: ‘डाव आखला’ ऐकून इनिंग कुणाला आठवते? क्रियापद सांभाळून घेतं.

प्रतिसाद ३: ‘गोलरेषा’ ठेवा, पण एक ओळ खुलासा द्या. आपल्या ओळखीच्या फुटबॉलमध्ये चेंडू अख्खा रेषेपार जावा लागतो. इथे धावणाऱ्याच्या हातातल्या चेंडूचं नुसतं टोक रेषेला पोचलं तरी टचडाउन, म्हणजे गुण.

मूळ प्रश्नकर्ता: बरं. आता खरी अडचण ‘पिक’ आणि ‘रब’. दोन्हींना ‘अडवणूक’ म्हणू?

प्रतिसाद ४: नको, सगळी गंमत त्या फरकातच आहे. गोलरेषेपाशी मैदान आखूड होतं. पुढे एंड झोनचे, म्हणजे रेषेपलीकडच्या गुणपट्ट्याचे, १० यार्डच उरतात, रुंदी मात्र ५३ यार्डांची तशीच. लांब पळून कुणाला मागे टाकता येत नाही, म्हणून दोन गड्यांच्या वाटा एकमेकांना छेदतील असा डाव आखतात. पहिला गडी बचाववाल्याच्या वाटेत येतो, दुसरा त्याच्या आडून सुटतो. पासला कुणाचा हात लागण्याआधी मुद्दाम धडक देऊन अडवलं, तर तो पिक, आणि एनएफएलमध्ये (अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमध्ये) चेंडू जिथून खेळात येतो त्या रेषेपासून यार्डभरापुढे तो फाउल. नुसतं घासून गेलं तर रब, चालतो. प्रशिक्षक अर्थातच दरवेळी ‘रब’च म्हणतात! माझ्या मते पिक म्हणजे ‘अडवणूक’, रब म्हणजे ‘आडोसा’.

उदाहरण हवं तर फेब्रुवारी २०१५चा सुपर बोल (एनएफएलचा अंतिम सामना) घ्या. सिअ‍ॅटल गोलरेषेपासून १ यार्डावर, २६ सेकंद बाकी, न्यू इंग्लंडच्या चार गुणांनी मागे. मार्शॉन लिंचसारखा चेंडू घेऊन धावणारा गडी हाताशी असताना रसेल विल्सनने पास टाकला. कर्सने आडोसा करायचा आणि लॉकेटने त्याआडून आत तिरकं घुसायचं, असा बेत. न्यू इंग्लंडच्या ब्राउनरने कर्सला जागीच दाबून धरलं, आडोसा झालाच नाही, आणि त्याच्याच संघातल्या माल्कम बटलरने चेंडू मधल्यामध्ये टिपला. न्यू इंग्लंड २८-२४ जिंकलं. लिंचला चेंडू का दिला नाही म्हणून लोक अजून बोटं मोडतात. मला विचाराल तर डाव वाईट नव्हता, आडोसा फसला.

प्रतिसाद २: ‘आडोसा’ आवडला. ऊन-पावसाची सवय असलेला शब्द इथेही चालतोय.

मूळ प्रश्नकर्ता: मग शीर्षक ‘गोलरेषेपाशी पासचे डाव कसे आखतात’. ‘स्लँट’ला ‘तिरकी धाव’. आणि कोपऱ्यात उंच टाकतात त्या ‘फेड’ला?

प्रतिसाद १: त्याला ‘कोपऱ्यातला उंच पास’ म्हणा. नुसतं ‘फेड’ छापलंत तर वाचक कर्ज कुणाचं ते शोधत बसेल.