बायोप्सीच्या दिवशी कोणता कोड? मेलानोमा इन सिटूच्या एका चार्टविषयी प्रश्न

चार्टवाचक

नमस्कार. आमचा गट अमेरिकेतील बाह्यरुग्ण चार्टचे (वैद्यकीय नोंदींचे) कोडिंग आयसीडी-१०-सीएम या निदानांच्या कोडयादीनुसार करतो. त्वचारोगाच्या एका चार्टवरून आमच्यात मतभेद झाले आहेत, म्हणून जाणकारांचे मत हवे आहे.

रुग्णाच्या डाव्या अग्रबाहूवर काळपट, वेड्यावाकड्या कडांचा डाग होता. पहिल्या भेटीत डॉक्टरांनी ‘मेलानोमाची शंका, रूल आउट मेलानोमा’ (म्हणजे मेलानोमा हा त्वचेचा कर्करोग नाही ना, हे तपासायचे) असे लिहून शेव्ह बायोप्सी (वरवर तासून घेतलेला नमुना) घेतली. काही दिवसांनी आलेल्या पॅथॉलॉजी रिपोर्टमध्ये ‘मेलानोमा इन सिटू, कडेपर्यंत पेशी’ (त्वचेच्या वरच्या थरातच असलेला मेलानोमा, पेशी नमुन्याच्या कडेपर्यंत) असे निदान होते. दुसऱ्या भेटीत वाइड एक्सिजन (भोवतालच्या निरोगी त्वचेसह कापून काढणे) झाले आणि त्या नमुन्यात मात्र अर्बुदाचा (गाठीचा) काहीही अवशेष सापडला नाही. सहा महिन्यांनंतरच्या तपासणीत सर्व ठीक होते व कोणताही उपचार चालू नव्हता.

पहिल्या भेटीसाठी एका सहकाऱ्याने डी ४८.५ सुचवला, कारण त्या दिवशी निदान अनिश्चित होते. दुसऱ्याच्या मते डॉक्टरांना मेलानोमाचीच शंका असल्यामुळे सी ४३.६२ द्यावा. एक्सिजनच्या दिवशी कर्करोग सापडलाच नाही, तर केवळ व्रणाचा (जखमेच्या खुणेचा) कोड द्यावा, असेही एक मत आहे. तिन्ही भेटींसाठी योग्य कोड कोणते, आणि ते कोणत्या आधारावर ठरवावेत?

जुना_कोडर

आपण विचारलेल्या दोन्ही कोडपैकी एकही पहिल्या भेटीला लागू होत नाही.

डी ४८.५ हा ‘अनसर्टन बिहेवियर’चा कोड आहे. अर्बुद पुढे कसे वागेल हे सूक्ष्मदर्शकाखाली पाहूनही सांगता येत नाही, असे पॅथॉलॉजिस्टने स्वतः नोंदवले असेल तेव्हाच तो वापरायचा असतो. अनिश्चितता इथे ऊतीची आहे. रिपोर्ट अजून हाती आलेला नाही, यामुळे कोडरला किंवा डॉक्टरांना वाटणारी अनिश्चितता त्यात बसत नाही. रिपोर्ट येण्याआधीच विम्याचा क्लेम पाठवायचा असेल आणि डॉक्टरांनी अर्बुद म्हणून नोंद केली असेल, तर ‘अनस्पेसिफाइड बिहेवियर’चा डी ४९.२ योग्य ठरतो. ‘लीजन’ (विकृत जागा) एवढाच शब्द लिहिला असेल, तर अनुक्रमणिका आपल्याला अर्बुदाच्या तक्त्याकडे न नेता त्वचेच्या विकाराच्या एल ९८.९ कडे नेते.

सी ४३.६२ तर बाह्यरुग्ण नियमांच्या सरळ विरुद्ध जातो. शक्यता, शंका, रूल आउट, वर्किंग डायग्नोसिस अशा शब्दांनी लिहिलेले निदान बाह्यरुग्ण भेटीत सिद्ध मानून कोड करता येत नाही. आंतररुग्ण चार्टमध्ये डिस्चार्जच्या वेळी लिहिलेल्या अशा निदानासाठी वेगळा नियम आहे आणि तो माहीत असलेले कोडर नकळत तोच इथे लावतात. हा मुद्दा मी आग्रहाने मांडतो, कारण सी ४३ हा आक्रमक (खोल थरांत शिरलेल्या) मेलानोमाचा कोड एकदा रुग्णाच्या नोंदीत गेला की तो विम्यापासून पुढच्या प्रत्येक डॉक्टरपर्यंत पोहोचतो, आणि तो काढून टाकायला त्या माणसाला फार त्रास पडतो.

तरीही आपल्या चार्टमध्ये सर्वांत योग्य मार्ग म्हणजे रिपोर्ट येईपर्यंत क्लेम थांबवणे. डॉक्टरने वाचून अर्थ लावलेला अंतिम रिपोर्ट कोडिंगच्या वेळी उपलब्ध असेल, तर बाह्यरुग्ण भेटीसाठी त्यातील निश्चित निदान कोड करण्यास मार्गदर्शक तत्त्वे परवानगी देतात, आणि पॅथॉलॉजिस्ट हा डॉक्टरच असतो. म्हणून पहिल्या भेटीलाही डी ०३.६२, म्हणजे खांद्यासह डाव्या वरच्या अवयवाचा मेलानोमा इन सिटू, असाच कोड द्यावा.

दुसऱ्या भेटीलाही तोच कोड राहील. ती शस्त्रक्रिया त्याच निदानासाठी, त्याच जागी झाली आहे. बायोप्सीतच सर्व पेशी निघून गेल्या होत्या हे नंतर कळल्याने शस्त्रक्रियेचे कारण बदलत नाही. व्रणाचा एल ९०.५ दिला, तर रुग्णावर वाइड एक्सिजन का केले याचे उत्तर नोंदीत उरतच नाही.

तिसऱ्या भेटीला उपचार संपलेले असल्यामुळे पूर्वेतिहासाचा कोड येतो, आणि इथे झेड ८५.८२० देण्याची चूक फार होते. तो आक्रमक मेलानोमाच्या पूर्वेतिहासासाठी आहे. इन सिटूसाठी झेड ८६.००६ हा स्वतंत्र कोड आहे.

चार्टवाचक

सविस्तर उत्तराबद्दल मनापासून आभार. याच संदर्भात आणखी एक शंका आहे. दुसऱ्या एका चार्टमध्ये पॅथॉलॉजिस्टने नाकावरील गाठीबद्दल ‘कन्सिस्टंट विथ स्क्वेमस सेल कार्सिनोमा’ (त्वचेच्या आणखी एका कर्करोगाशी सुसंगत) असे लिहिले आहे. हे निश्चित निदान धरून सी ४४.३२१ द्यावा का?

त्वचारोगतज्ज्ञ

यावर मी डॉक्टरांच्या बाजूने लिहितो. आमच्यापैकी अनेक जण ‘कन्सिस्टंट विथ’ हे शब्द निदान पक्के असतानाही सवयीने वापरतात. आमच्या दृष्टीने त्याचा अर्थ ‘चित्र पूर्णपणे जुळते’ असा असतो, पण कोडिंगच्या नियमांत ते शब्द शंकेच्याच यादीत आहेत. म्हणून निदान पक्के असेल तर पॅथॉलॉजिस्टने थेट ‘स्क्वेमस सेल कार्सिनोमा’ असे लिहावे, आणि पक्के नसेल तर कशामुळे नाही ते लिहावे, असे मी माझ्या सहकाऱ्यांना नेहमी सांगतो.

मापांबद्दलही लिहिणे गरजेचे वाटते, कारण कोडरला सर्वाधिक अडचण तिथेच येते. शस्त्रक्रियेचा कोड गाठीचा सर्वांत मोठा व्यास आणि दोन्ही बाजूंची सर्वांत अरुंद मार्जिन (सोबत कापायची निरोगी त्वचा) यांच्या बेरजेवर ठरतो. बाहूवरील डाग १.२ सेंमी आणि मार्जिन प्रत्येक बाजूला ०.५ सेंमी असेल, तर एकूण २.२ सेंमी होतात आणि सीपीटी या वैद्यकीय प्रक्रियांच्या कोडयादीतील ११६०३ लागू होतो. डॉक्टरांनी ही मापे लिहिलीच नाहीत, तर कोडरच्या हाती फक्त पॅथॉलॉजी रिपोर्टमधील माप उरते. पण कापलेली त्वचा आकसते आणि फॉर्मलिनमध्ये आणखी आकसते, त्यामुळे तोच नमुना १.९ सेंमी भरू शकतो व कोड ११६०२ वर उतरतो. म्हणून माप छेद घेण्यापूर्वी घ्यावे आणि शस्त्रक्रियेच्या नोंदीत त्याच दिवशी लिहावे.

जागेचे वर्णन करताना नुसते ‘हात’ किंवा ‘चेहरा’ लिहू नये. ‘डाव्या अग्रबाहूची बाहेरील बाजू, कोपरापासून ६ सेंमी खाली’ असे लिहिले आणि सोबत छायाचित्र ठेवले, तर कोडरला बाजू कळते, आणि काही आठवड्यांनी भरून आलेली बायोप्सीची जागा शोधणाऱ्या शल्यविशारदालाही नेमकी तीच जागा सापडते. दुसरा उपयोग माझ्या मते पहिल्यापेक्षाही मोठा आहे, कारण चुकीच्या जागी शस्त्रक्रिया होण्याचा धोका त्वचेच्या कर्करोगात खरोखरच असतो. आक्रमक मेलानोमा असेल तर ब्रेस्लो जाडी (अर्बुद त्वचेत किती खोल गेले याचे माप) आणि व्रणीभवन (वरची त्वचा फुटून उघडी जखम होणे) यांचाही उल्लेख हवा. त्यांचा आयसीडी-१०-सीएम कोडवर परिणाम होत नाही, पण एजेसीसी या संस्थेच्या कर्करोग-वर्गीकरणाच्या आठव्या आवृत्तीनुसार ०.८ मिमीपेक्षा कमी जाडीचा, असा उघडा व्रण नसलेला मेलानोमा टी१ए वर्गात असतो, आणि तेवढ्याच जाडीत व्रण असेल तर तो टी१बी होतो.

जुना_कोडर

डॉक्टरसाहेबांशी मी सहमत आहे. चार्टवाचक, आपल्या दुसऱ्या चार्टला आज सी ४४.३२१ देऊ नका, पॅथॉलॉजिस्टला क्वेरी (लेखी विचारणा) पाठवा. मात्र ‘हे स्क्वेमस सेल कार्सिनोमा आहे असे धरावे का?’ असे विचारू नये, कारण त्यातून उत्तर सुचवले जाते. रिपोर्टमधील वाक्य जसेच्या तसे उद्धृत करून ‘या नमुन्याचे अंतिम निदान कृपया स्पष्ट करावे’ एवढेच लिहा. पर्याय द्यायचेच असतील तर ‘निदान निश्चित करता येत नाही’ हाही एक पर्याय त्यात असू द्या. पॅथॉलॉजिस्टचे उत्तर तारीख आणि सहीसह पुरवणी नोंद म्हणून रिपोर्टला जोडले जावे. मूळ मजकूर खोडला जाऊ नये. ती पुरवणी आल्यावरच क्लेम पाठवा.